डोक्यावर घेतात, मग आपटतात: इंडी बँडच्या ‘हवे’तून धंद्याचा धडा



‘एक रील व्हायरल झाली की धंदा सेट’ या समजुतीवर आपण व्हिडिओत बोललो. तिथे वेळ कमी पडला. परदेशातल्या दोन-तीन रॉक बँडची नावं मी घाईघाईत घेतली आणि पुढे गेलो. ती गोष्ट सविस्तर सांगायला हा लेख.

आता तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला मसाल्याचा, कपड्याचा, क्लासचा धंदा करायचाय, आम्हाला बँडचं काय? बघा, एखाद्या गाड्यावर रीलमुळे गर्दी उसळली आणि सहा महिन्यांनी ती ओसरली, तर त्याची नोंद कुणी ठेवत नाही. कधी चढलं, कधी पडलं, का पडलं, मालकालाही धड सांगता येत नाही. बँडचं तसं नसतं. त्यांचं कौतुक कुठल्या महिन्यात झालं, किती मार्क मिळाले, टीका कधी सुरू झाली, पुढचा अल्बम कधी आला, सगळं तारखेसकट छापलेलं असतं. म्हणजे ‘हवा’ होणं आणि हवा जाणं, या दोन्हींचा एक्स-रे आपल्याला तयार मिळतो. तो वाचायला शिकू.

आधी ‘इंडी’ म्हणजे काय?

इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा हात डोक्यावर नसताना, स्वतःच्या पैशाने किंवा छोट्या कंपनीच्या मदतीने गाणी काढणारे बँड. चार-पाच मित्र, भाड्याची खोली, सेकंडहँड वाद्यं, दिवसा नोकरी आणि रात्री सराव. थोडक्यात काय, तुमच्या-माझ्यासारखेच लघुउद्योजक! भांडवल कमी, ओळख शून्य, आणि माल मात्र मनापासून बनवलेला.

अशा बँडचं नाव लोकांपर्यंत पोचवणारी काही माध्यमं होती. ब्रिटनमध्ये एनएमई नावाचं साप्ताहिक. अमेरिकेत पिचफोर्क नावाची वेबसाइट, रायन श्रायबर या तरुणाने १९९० च्या दशकात मिनियापोलिसमध्ये सुरू केलेली. पिचफोर्क प्रत्येक अल्बमला दहापैकी मार्क द्यायची, तेही दशांशात. २००० ते २०१० या काळात या मार्कांचा दरारा एवढा होता, की ८ च्या वर गेलात तर रातोरात नाव, आणि ३ च्या खाली आलात तर लोक ऐकायच्या आधीच नाक मुरडणार.

अकरा महिन्यांत वर आणि खाली: ब्लॅक किड्स

अमेरिकेत फ्लोरिडामधल्या जॅक्सनव्हिल शहरातला हा बँड. ऑगस्ट २००७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी एका छोट्या संगीत महोत्सवात त्यांनी कार्यक्रम केला. तेव्हा त्यांच्याकडे रेकॉर्ड केलेली गाणी होती फक्त चार. ती त्यांनी मायस्पेस या तेव्हाच्या लोकप्रिय साइटवरून फुकट डाउनलोडला ठेवली.

कार्यक्रम पाहिलेल्या लोकांनी लिहिलं, ते वाचून बाकीच्यांनी लिहिलं. पिचफोर्कने त्या चार गाण्यांना ८.४ मार्क दिले आणि ‘बेस्ट न्यू म्युझिक’ हा शिक्का मारला. ब्रिटनची वर्तमानपत्रं मागे लागली. मोठ्या कंपनीशी करार झाला. नामांकित निर्माता मिळाला, सुएड या ब्रिटिश बँडचा जुना गिटारवादक बर्नार्ड बटलर.

जुलै २००८ मध्ये पहिला पूर्ण अल्बम आला, ‘पार्टी ट्रॉमॅटिक’. दहा गाणी, त्यांतली चार तीच जुनी, नव्याने रेकॉर्ड केलेली. आणि त्याच पिचफोर्कने काय केलं? मार्क दिले ३.३. परीक्षणात एक ओळसुद्धा लिहिली नाही. दोन पग जातीच्या कुत्र्यांचा फोटो टाकला आणि त्यावर लिहिलं, ‘सॉरी’.

अकरा महिने! ज्यांनी डोक्यावर घेतलं, त्यांनीच खाली आपटलं, आणि तेही हसत हसत.

आता इथे एक गोष्ट नीट बघा. हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पाचव्या नंबरवर गेला होता. म्हणजे माल अगदीच टाकाऊ नव्हता, लोक विकत घेत होते. पण ‘यांची हवा गेली’ ही बातमी अल्बमपेक्षा मोठी झाली. बँडचा दुसरा अल्बम यायला २०१७ उजाडलं. मधे नऊ वर्षं गेली.

मग चुकलं कुठे? हे समजायचं तर आधी हवा कशी तयार होते ते बघू.

हवा तयार कशी होते?

साखळी साधी आहे. पहिल्यांदा चार-दोन जाणकार लोक एखादी नवी गोष्ट शोधतात. त्यांना खरंच आवडलेली असते, म्हणून ते इतरांना सांगतात. मग दुसरा गट येतो. या गटाला भीती असते, की आपण मागे राहू नये. ‘मी आधी सांगितलं होतं’ असं म्हणता यावं म्हणून तो लगेच लिहितो. मग मोठी वर्तमानपत्रं येतात, ‘सगळे यांच्याबद्दल का बोलताहेत?’ असा मथळा घेऊन. शेवटी येतात कंपन्या आणि आयोजक, चेकबुक घेऊन.

या साखळीत जवळजवळ प्रत्येकाचा फायदा लवकर बोलण्यात आहे. हा बँड तीन वर्षांनी टिकेल का, याच्याशी लिहिणाऱ्याचा हिशोब जोडलेलाच नसतो. त्यामुळे शब्द वाढत जातात. ‘चांगला बँड’चा ‘वर्षातला सर्वोत्तम’ होतो, त्याचा ‘पिढीतला सर्वोत्तम’ होतो.

एक उदाहरण देतो. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा आर्क्टिक मंकीज हा बँड. त्यांचा पहिला अल्बम २३ जानेवारी २००६ ला आला. तो जेमतेम दुकानात पोचला होता, तोच एनएमईने ‘सर्वकाळातले १०० श्रेष्ठ ब्रिटिश अल्बम’ अशी यादी काढून त्याला पाचवा नंबर देऊन टाकला. पोरांनी पहिला अल्बम काढलाय, वय विशीचं, आणि नंबर सर्वकाळातला पाचवा!

ऐकायला गोड वाटतं ना? पण ही उचल आहे. गावाकडे मुकादम कामाच्या आधी मजुराला उचल देतो, आणि मग मजूर हंगामभर ती फेडत राहतो. हवा ही तशीच उचल असते. कौतुक आधी मिळतं, काम नंतर करून द्यायचं असतं. आणि किती काम करून द्यायचं हे तुम्ही ठरवत नाही, कौतुक करणारे ठरवतात.

मग ती उलटते का?

चार कारणं दिसतात. एकेक बघू.

पहिलं कारण: पट्टी बदलते. ब्लॅक किड्सची चार गाणी लोकांनी ऐकली तेव्हा अपेक्षा होती शून्य. फुकट मिळालेली, अनोळखी पोरांची गाणी. त्यामानाने भारीच वाटली. वर्षभराने तीच गाणी लोकांनी ऐकली तेव्हा मनात होतं, ‘हा म्हणे वर्षातला सर्वोत्तम नवा बँड, बघू तरी.’ चार गाणी तीच, मोजायची पट्टी मात्र बदलली. तुमच्याकडे पहिल्यांदा सहज आलेलं गिऱ्हाईक आणि रील बघून तीस किलोमीटरवरून आलेलं गिऱ्हाईक, दोघांची जीभ वेगळी असते.

दुसरं कारण: पहिले चाहते दुरावतात. ज्यांनी तुम्हाला सगळ्यात आधी ओळखलं, त्यांना एक मान होता: ‘आम्हाला माहीत असलेली खास जागा.’ सगळ्या गावाला माहीत झाल्यावर तो मान गेला. शिवाय त्यांना आता रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा पहिल्या चाहत्याकडूनच येतं. यात दुष्टपणा नाही. त्यांचं काहीतरी खरंच हरवलेलं असतं.

तिसरं कारण: दुसऱ्या फेरीचा सापळा. न्यूयॉर्कचा द स्ट्रोक्स हा बँड घ्या. २००१ मध्ये पहिला अल्बम आला, ‘इज धिस इट’. रॉक संगीताचे तारणहार अशी हवा झाली. २००३ मध्ये दुसरा आला, ‘रूम ऑन फायर’. टीका काय? ‘हे तर पहिल्यासारखंच आहे.’ मग २००६ च्या सुरुवातीला तिसरा आला, जास्त लांब, वेगळ्या धाटणीचा. टीका काय? ‘यांनी आपलं मूळ सोडलं.’ तेच दिलं तर तेच ते, वेगळं दिलं तर बिघडले! हवेवर आलेल्या प्रत्येक धंद्याला हा सापळा लागतो.

चौथं कारण: मालावरून माणसावर घसरणं. मालात फार दोष काढता येत नाही, तेव्हा बोट मालकाकडे वळतं. स्ट्रोक्सचा गायक ज्युलियन कासाब्लांकास याचे वडील एलिट ही प्रसिद्ध मॉडेलिंग एजन्सी काढणारे जॉन कासाब्लांकास. झालं! ‘श्रीमंत बापाची पोरं गरिबीचा आव आणतात.’ व्हॅम्पायर वीकेंड या बँडची पोरं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली. त्यांच्या गाण्यांत आफ्रिकी गिटारची छाप होती. लगेच, ‘महागड्या कॉलेजातली पोरं आफ्रिकेचं संगीत उचलतात.’ हा प्रकार जुना झालाय असं समजू नका. लंडनचा द लास्ट डिनर पार्टी हा बँड. २०२३ च्या एप्रिलमध्ये पहिलं गाणं आलं आणि लगोलग आरोप सुरू: ‘हे कंपनीने बनवलेलं बाहुलं आहे.’ प्रत्यक्षात पहिलं गाणं येण्याआधी हा बँड लंडनच्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम करत होता, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाआधीही वाजवून आला होता. पण आरोप करणाऱ्याला पहिला दिवस तोच वाटतो, ज्या दिवशी त्याला तुमचं नाव कळलं.

या चारही कारणांच्या खाली एक गोष्ट आहे. माध्यमाला उदोउदो जशी बातमी असते, तशी पडझडही बातमी असते. तुम्ही चढलात तेव्हा एक लेख झाला, पडलात तर दुसरा लेख होतो. नुकसान झालं तर तुमचं. त्यात वैर शोधू नका.

ज्यांचं टिकलं, त्यांनी काय केलं होतं?

आता परत आर्क्टिक मंकीजकडे. त्यांची हवा तर ब्लॅक किड्सपेक्षा कितीतरी मोठी होती. पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये ३,६३,७३५ प्रती खपल्या. एखाद्या बँडच्या पहिल्या अल्बमसाठी तो तिथला विक्रम होता. ‘एवढी हवा, आता आपटणार’ असं म्हणणारे तेव्हाही होतेच. पण सतरा वर्षांनी, २०२३ मध्ये, हाच बँड ग्लास्टनबरी महोत्सवाच्या मुख्य मंचावर शेवटचा, म्हणजे मानाचा कार्यक्रम करत होता, तिसऱ्यांदा.

फरक कुठे पडला? मला तीन गोष्टी दिसतात.

एक, गोदाम भरलेलं होतं. त्यांचा पहिला कार्यक्रम २००३ मध्ये शेफिल्डच्या एका पबमध्ये झाला. कार्यक्रमाला येणाऱ्यांना ते स्वतः रेकॉर्ड केलेल्या सीडी फुकट वाटायचे, आणि चाहते ती गाणी इंटरनेटवर एकमेकांना पाठवायचे. अल्बम यायच्या आधीच प्रेक्षकांना गाण्यांचे शब्द पाठ होते. हवा येईपर्यंत अडीच वर्षांचा सराव आणि ढीगभर गाणी हाताशी होती. ब्लॅक किड्सकडे चार होती.

दोन, ओळखीचं गिऱ्हाईक आधी होतं, माध्यम नंतर आलं. एनएमईने उद्या पाठ फिरवली असती तरी शेफिल्डचा हॉल भरलाच असता.

तीन, दुसरा माल लगेच आला. एप्रिल २००७ मध्ये, म्हणजे पंधरा महिन्यांत, दुसरा अल्बम बाजारात. ‘हे पुढे टिकतील का’ या चर्चेला पिकायला वेळच मिळाला नाही. पुढे २००९ चा अल्बम त्यांनी मुद्दाम वेगळ्या धाटणीचा केला. काही जण नाराज झाले, पण तोवर बँडचा पाया पक्का झाला होता.

याचीही किंमत होती हं. २००६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्याच्या तोंडावर त्यांचा बास गिटारवादक थकव्यामुळे मागे थांबला, आणि मग बँडमधूनच बाहेर पडला. बाहेरून यश दिसतं तेव्हा आतली माणसं मोडत असतात, हे पक्कं लक्षात ठेवा.

व्हॅम्पायर वीकेंडचं उत्तर आणखी शांत. जानेवारी २००८ मध्ये पहिला अल्बम, मार्चमध्ये स्पिन मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो, आणि लगोलग टीकेची झोड. पण हा पहिला अल्बम त्यांनी नोकऱ्या सांभाळून, घरच्या घरी, बाहेरचा निर्माता न घेता बनवला होता. गायक एझ्रा कोनिग तेव्हा ब्रुकलिनमधल्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. खर्च कमी, म्हणून डोक्यावर ओझं कमी. टीकेनंतर त्यांनी पुढचा अल्बम केला. तो जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर आला. त्यापुढचा २०१३ चाही पहिल्या नंबरवर, आणि त्याला ग्रॅमी. श्रीमंत पोरं, उचलेगिरी, हे सगळं बोलून झालं आणि विरलं. अल्बम राहिले.

स्ट्रोक्सचंही तसंच. वीस वर्षं ‘पहिल्यासारखं नाही’ हे ऐकत ऐकत त्यांनी २०२० मध्ये काढलेल्या अल्बमला सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. २०२३ च्या जानेवारीत मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिला लोलापलूझा इंडिया महोत्सव झाला, त्याच्या पोस्टरवरही सगळ्यात वरच्या नावांत स्ट्रोक्स होते.

हवा गेली, पण धंदा राहिला: मधला रस्ता

सगळेच काही ग्लास्टनबरीला पोचत नाहीत. म्हणून मला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट तिसऱ्याच बँडची वाटते: क्लॅप युअर हँड्स से येह.

२००५ मध्ये या बँडने पहिला अल्बम स्वतःच काढला. कंपनी नाही. पिचफोर्कने ९.० मार्क दिले. ऑर्डरींचा पाऊस पडला आणि हे पठ्ठे स्वतः पाकिटं भरून सीडी पोस्टाने पाठवत होते. डेव्हिड बोवीसारखा दिग्गज त्यांचा कार्यक्रम बघायला आला. इंटरनेटवरून वर आलेला बँड म्हणून त्यांचं नाव जगभर झालं.

२००७ च्या सुरुवातीला दुसरा अल्बम. त्यातलं पहिलंच गाणं मुद्दाम खरखरीत, फाटलेल्या आवाजात रेकॉर्ड केलेलं. अनेकांना वाटलं, सीडीच खराब आहे! नव्या गर्दीपैकी बरीच तिथेच पांगली. २०१२ पर्यंत बँडमधले बरेच सदस्य बाहेर पडले.

पण मुख्य गायक अ‍ॅलेक औन्सवर्थ थांबला नाही. त्याने चाहत्यांच्या घरी, दिवाणखान्यात कार्यक्रम सुरू केले. एका खोलीत मावतील तेवढी माणसं, थेट तिकीट, मधे कुणी नाही. पेपरात नाव येत नाही, पण गाणी चालू आहेत, अल्बम येताहेत. याला कुणी अपयश म्हणेल. मी म्हणेन, हा माणूस योग्य आकाराच्या धंद्यात परत आला.

आणि आणखी एक गंमत. हवा करणाऱ्यांचं काय झालं? एनएमईचा छापील साप्ताहिक अंक मार्च २०१८ मध्ये बंद झाला. पिचफोर्क २०१५ मध्ये काँडे नास्ट या मोठ्या कंपनीने घेतलं आणि जानेवारी २०२४ मध्ये ते जीक्यू मासिकाच्या विभागात विलीन केल्याचं जाहीर झालं. ज्यांच्या एका आकड्यावर बँडचं नशीब ठरायचं, त्यांचीच हवा गेली!

आता आपला हिशोब

इथे वही-पेन घ्या. खालचं उदाहरण मी समजण्यासाठी रचलंय, तुमचे आकडे तुम्ही घाला.

समजा, तुमचा थालीपीठ-लोण्याचा छोटा गाळा आहे. रोज ८० प्लेट जातात. सामान, गॅस, पॅकिंग वजा जाता एका प्लेटमागे ३० रुपये राहतात. म्हणजे दिवसाला २,४०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ६२,४०० रुपये. भाडं आणि मदतनीस यांचा खर्च ४०,०००. हातात राहिले २२,४००.

एका फूड व्लॉगरची रील फिरली. रोज २०० प्लेट! दिवसाला ६,००० रुपये, महिन्याला १,५६,०००. डोळे दिपतात. घरचे म्हणतात, ‘आता नाही तर कधी?’ तुम्ही दुसरा गाळा घेता: भाडं २५,०००, दोन माणसं ३०,०००, कर्जाचा हप्ता १५,०००. महिन्याला ७०,००० चा नवा खर्च.

तीन महिन्यांनी गर्दी ओसरते. आता दोन्ही गाळे मिळून रोज ११० प्लेट जातात. महिन्याला ८५,८००. खर्च ४०,००० अधिक ७०,०००, म्हणजे १,१०,०००. दर महिन्याला २४,२०० रुपये खिशातून.

आता तोच माणूस, पण त्याने गाळा घेतला नाही. लाटेच्या तीन महिन्यांपुरता एक जादा मदतनीस १२,००० वर ठेवला. त्या काळात खर्च ५२,००० आणि हातात महिन्याला १,०४,०००. लाट ओसरल्यावर मदतनीस गेला, ११० प्लेट राहिल्या: ८५,८०० वजा ४०,०००, म्हणजे ४५,८००. आधी होते २२,४००. दुपटीपेक्षा जास्त!

रील तीच, गर्दी तीच, थालीपीठ तेच. एक बुडाला, एक तरला. आणि बघा, या लाटेतून खरी कमाई काय झाली? २०० प्लेट नाही. रोजच्या ३० जादा प्लेट, जी माणसं टिकली ती. हवेतून तुम्हाला फक्त तेवढंच ठेवायला मिळतं. त्यामुळे लाटेच्या काळात एकच प्रश्न विचारायचा: आज आलेल्यांपैकी परत कोण येणार?

हवा यायच्या आधी आणि आल्यावर काय करायचं?

१. गोदाम भरा. चार गाण्यांवर जग जिंकायला निघू नका. एक पदार्थ, एक डिझाइन, एक कोर्स गाजला तर पुढचे दोन तयार आहेत का? नसतील तर प्रसिद्धीच्या मागे आत्ताच धावू नका.

२. कायमचा खर्च लाटेवर बांधू नका. भाडं, पगार, हप्ता हे शांत महिन्याच्या विक्रीत बसले पाहिजेत. लाटेसाठी तात्पुरती माणसं, भाड्याची यंत्रं, उधारीऐवजी रोख.

३. ‘नाही’ म्हणायला शिका. दिवसाला १२० प्लेट नीट होत असतील तर १२० नंतर पाटी लावा: ‘आजचा माल संपला.’ हे गिऱ्हाईक घालवणं नाही. १२१ वी बिघडलेली प्लेट मात्र नक्की घालवते.

४. जुन्या गिऱ्हाइकाची रांग वेगळी ठेवा. सकाळचा पहिला तास, फोनवर ऑर्डर, ओळखीचा ‘काका, तुमचं नेहमीचं ना?’ हा एक शब्द. पहिले चाहते दुरावतात ते रांगेमुळे नाही, अनोळखी झाल्यामुळे.

५. मोठे शब्द स्वतः वापरू नका. ‘महाराष्ट्रात नंबर वन’ ही पाटी तुम्ही लावली की पट्टी तुम्हीच उंच केली. लोकांना त्याहून थोडं जास्त मिळू दे.

६. नंबर लिहून घ्या. व्लॉगरचे फॉलोअर तुमचे नाहीत. गिऱ्हाइकाला विचारून व्हॉट्सअ‍ॅप नंबर घ्या. औन्सवर्थला दिवाणखान्यातले कार्यक्रम जमले, कारण त्याचे चाहते त्याला थेट माहीत होते.

७. माणसं सांभाळा. लाटेत सगळ्यात आधी थकतो तो तुमचा कारागीर, नाहीतर घरातलं माणूस. सुट्टीचा वार मोडू नका.

आणि टीका आली तर?

आधी दोन ढीग करा. एका ढिगात मालाबद्दलची टीका: थंड मिळालं, शिलाई उसवली, डिलिव्हरी उशिरा. ही सोन्यासारखी, त्याच दिवशी दुरुस्त करा. दुसऱ्या ढिगात तुमच्याबद्दलची टीका: ‘पैसे देऊन रील केली’, ‘बापाच्या जिवावर’, ‘आता भाव खातात’. खोटा आणि नुकसान करणारा आरोप असेल तर एकदा, शांतपणे, खरं काय ते सांगा. मग गप्प. कमेंटमध्ये रात्री अकरा वाजता भांडून आजवर कुणाची विक्री वाढलेली नाही.

व्हॅम्पायर वीकेंडने दोन वर्षांत दुसरा अल्बम दिला, आर्क्टिक मंकीजने पंधरा महिन्यांत. टीकेला धंदेवाल्याचं उत्तर म्हणजे पुढचा माल. तो बरा असेल तर जुनी चर्चा आपोआप शिळी होते.

हवा वाईट असते असं मी म्हणत नाही. आली तर घ्या, हसतमुखाने घ्या. फक्त ती उचल आहे हे विसरू नका, आणि फेडता येईल तेवढीच घ्या.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात उद्या अचानक तिप्पट गर्दी आली, तर सगळ्यात आधी काय मोडेल? जागा, माणूस, माल की तुमची झोप? एका ओळीत कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यांतल्या निवडक उत्तरांवर बोलू.

भेटू लवकरच. तोवर हिशोब लिहीत राहा.